व्यवसायाचा रकाना

अल नहदातल्या अकराव्या मजल्यावर
आमच्याकडे टेबल एकच.
हेरंबच्या मीटिंगा टेबलावर,
तन्वेशची दुसरी इयत्ता सोफ्यावर,
आणि माझी हमरियाची जहाजं
वॉशिंग मशीनच्या झाकणावर,
तीही कपडे फिरत नसतील तेव्हा.

बारा वर्षं मी बिल ऑफ लेडिंग केली.
कांडल्याचा तांदूळ, मोम्बासाचा चहा,
तीनशे खोकी टाइल्स, त्यात एक फुटलेलं,
तेही लिहायचं, फुटलं तर फुटलं म्हणून.
कप्तान सही करायचा माझ्या कागदावर.
आता मी बोलताना कुकरची शिट्टी व्हायची
आणि कराचीचा एजंट हसून विचारायचा,
मॅडम, आज काय बेत?
हेरंबला कुणी विचारलं नाही.
शिट्टी तर दोघांच्याही फोनवर ऐकू जायची.

घरटी एकानेच बाहेर पडायचं, परवाना काढून.
तो पडला. साहजिकच.
त्याला मास्क, यादी आणि दोन तासांचं आकाश.
कोथिंबीर समजून त्याने पार्स्ली आणली तीनदा.
मी हसले, दोनदा.
बत्तीस दिवस मी लिफ्टचं बटण दाबलं नाही.

मेच्या शेवटी आम्ही हिशेबाला बसलो.
भांडण झालं नाही, हे मुद्दाम सांगते.
त्याचा पगार नऊ हजार चारशे,
माझा, कापून उरलेला, तीन हजार सहाशे.
पोराच्या शाळेला घरात एक माणूस लागतं.
"तूच सांग," तो म्हणाला, आणि खरंच थांबला.
मी आकडे दोनदा मांडले, हाताची सवय.
हिशेब चुकला नव्हता.
फक्त हा फरक पडला कधी,
पहिल्याच पगाराला, की बाळंतपणानंतर,
की पाळणाघर सहाला बंद होतं म्हणून
मी जबल अलीची बढती नाकारली तेव्हा,
ते रकाने त्या कागदावर नव्हते.

रोलाच्या टायपिंग सेंटरात
काचेपलीकडून मोइदूने विचारलं, जुना व्हिसा कॅन्सल?
स्पॉन्सर: पती.
व्यवसाय:
मी मास्कआड तोंड उघडेपर्यंत त्याने टाइपही केलं होतं.
गृहिणी.
अरबीत उजवीकडून, इंग्रजीत डावीकडून,
दोन्ही बाजूंनी.
खाली बारीक अक्षरांत: काम करण्याची परवानगी नाही.
घरी येऊन मी पोळ्या लाटल्या, भांडी घासली,
सातचा पाढा घेतला,
चिपळूणला सासूबाईंना व्हिडिओवर बीपीच्या गोळ्या
रंगावरून ओळखून दिल्या.
सगळं परवानगीशिवाय.

समोरच्या इमारतीत, आमच्याच उंचीवर, मारिसेल.
नाव पुष्कळ नंतर कळलं.
तिची मालकीण घरून काम करू लागली
आणि मारिसेलचा शुक्रवार बंद झाला.
रात्री फवारणीच्या गाड्या जाऊन रस्ता वाळला की
ती कठड्यावर फोन टेकवून
इलोइलोतल्या लेकीला
हवेत वेणी घालून दाखवायची, तीन पेडांची.
बोटं इतकी नेमकी चालायची
की मलाच टाळूला ओढ बसल्यासारखं व्हायचं.
त्या मालकिणीची नोकरी टिकली.
कुणाच्या सुट्टीवर, ते मला बाल्कनीतून दिसत होतं.
तरी हेवा वाटला.
कुणाचा, ते अजून ठरत नाही.

सीलबंद कंटेनर असला की बिलावर
आम्ही एक ओळ टाकायचो:
"आत असल्याचे सांगितले जाते."
म्हणजे आम्ही उघडून पाहिलेलं नाही,
पाठवणारा म्हणतो तेच लिहिलंय,
नंतर काही वेगळं निघालं तर आमच्याकडे येऊ नका.

परवा मुलाखतीला समोर पंचविशीचा पोरगा.
मधली तीन वर्षं रिकामी दिसतात, म्हणाला.
मी पासपोर्ट उघडून पुढे सरकवला.
त्याने वाचलं. "अच्छा, घरीच होता."
कपाळावर आठीसुद्धा नाही, गोड मुलगा.
मी म्हटलं,
यावर एक ओळ घालायची राहिलीय.
पेन आहे का?